अनुदान कोणाचे, कोणाला?

शहरातील दिवाणखान्यात शेतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'सरकार शेतकऱ्यांचे फार लाड करते.' असे म्हणणाऱ्या सुज्ञांनी एकदा बोईसरला उतरावे आणि तारापूरच्या कारखान्यांकडे पाठ करून पूर्वेला, सूर्या नदीच्या खोऱ्यात जावे. लाड कोणाचे होतात आणि कोणाच्या जिवावर, याचा उलगडा तेथे होईल.

प्रथम लाडाचा हिशेब मांडू. 2019 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीतून शेतकरी कुटुंबाला वर्षाला 6 हजार रुपये मिळतात, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. 2023 मध्ये राज्य शासनाने 'नमो शेतकरी महासन्मान निधी' योजनेद्वारे तेवढीच भर घातली. एकूण 12 हजार. म्हणजे कुटुंबामागे दिवसाला जेमतेम 33 रुपये. पैसा थेट खात्यात जातो, दलालाला वाव उरत नाही, ही या योजनांची जमेची बाजू. बी-बियाण्याच्या वेळी ही रक्कम उपयोगी पडते. तिला खिरापत म्हणणे हा कष्टाचा अपमान आहे. मात्र ती सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळते. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याच्या हाती त्यातील छदामही पडत नाही.

आता खतावणीचे दुसरे पान उलटू. सूर्या प्रकल्पातील धामणीचे धरण आणि कवडासचा बंधारा उभा राहिला तो डहाणू, पालघर, विक्रमगड परिसरातील 14 हजारांहून अधिक हेक्टर शेती भिजावी म्हणून. त्यासाठी वनवासी कुटुंबांनी जमिनी दिल्या. डावा आणि उजवा कालवा निघाला. परंतु प्रत्यक्ष सिंचन त्या उद्दिष्टापर्यंत पोहोचलेच नाही. दरम्यान पाण्याची आरक्षणे बदलत गेली. तारापूरच्या उद्योगांना पाणी मिळाले, शहरांना मिळाले. पुढे सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेत वसई-विरारसाठी 185 आणि मीरा-भाईंदरसाठी 218 दशलक्ष लिटर राखले गेले. बेरीज 403 दशलक्ष, म्हणजे दररोज 40 कोटी लिटर!

एका हाताने दोन हजारांचा हप्ता द्यायचा आणि दुसऱ्या हाताने दुबार पिकाचे पाणी न्यायचे, यात अनुदान कोणी कोणाला दिले? पालघरचा शेतकरी आपल्या शेताची तहान मारून शहराला पाणी देत आहे. खरे अनुदान हे आहे. त्याची नोंद मात्र कोणत्याही अर्थसंकल्पात होत नाही.

याची किंमत काय, ते दिवाळीनंतर दिसते. भात कापून झाले की पाण्यावाचून रान मोकळे पडते आणि घरेच्या घरे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. मुलांची शाळा सुटते, म्हातारी माणसे मागे राहतात. ज्या शेताला उन्हाळ्यात पाणी मिळते तेथे भाजीपाला होतो, मोगरा फुलतो आणि कुटुंब गावातच राहते. हप्त्याने स्थलांतर थांबत नाही, कालव्याच्या पाण्याने थांबते.

शहरांनी तहानलेले राहावे, असे येथे कोणी म्हणत नाही. पिण्याच्या पाण्याचा हक्क सर्वांचाच आहे. परंतु हक्काबरोबर ऋणही येते. शहरांच्या पाणीपट्टीतील ठरावीक वाटा सूर्या कालव्यांच्या दुरुस्तीसाठी बांधून द्यावा. उद्योगांना शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक करावे आणि वाचलेले पाणी शेताकडे वळवावे. कोणाला किती पाणी दिले, याचा तपशील दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडावा. आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद करून त्यालाही निधीचा लाभ द्यावा.

वसईत वा भाईंदरमध्ये राहणाऱ्या वाचकांनी सकाळी नळ उघडताना एवढे स्मरावे : त्या धारेत धामणीच्या पायथ्याच्या एखाद्या कोरड्या शेताचाही वाटा आहे. ज्याचे आपण देणे लागतो, त्याला लाडावलेला म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.