शिष्यत्वाचा ताळेबंद

पावसाळा सरून रब्बीचा हंगाम जवळ आला की नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावी ग्रामसभा भरते. आणि यंदा शिवारात पाऊस किती पडला, विहिरींची पातळी कोठवर आली, त्यातून माणसांच्या व जनावरांच्या पिण्यासाठी किती पाणी राखून ठेवावयाचे आणि उरलेल्यावर कोणती पिके किती घ्यावयाची, याचा जमाखर्च सर्वांसमक्ष मांडला जातो. पाऊस बेताचा असेल तर ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याचाही हात सभेच्या निर्णयाने आवरला जातो. शेतीसाठी कूपनलिका खोदावयाची नाही आणि उसासारखे अतोनात पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही, हे बंधन या गावाने कोणत्याही सरकारी फर्मानावाचून आपण होऊन स्वतःवर घालून घेतले. या कर्तबगारीची कीर्ती देशभर पसरली आहे आणि तिचे प्रवर्तक पोपटराव पवार यांना पद्मश्रीने गौरविण्यातही आले आहे. ती कीर्ती पुनःपुन्हा गाणे हा या लेखाचा हेतू नाही. ‘इतके पुरे’ असे चारचौघांत ठरविण्याची आपली तयारी आहे काय, असा एक प्रश्न या गावाने आपल्या आचरणाने उभा केला आहे, आणि तो ज्यांनी सर्वांत आधी स्वतःला विचारावयास हवा, त्या याच जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांविषयी येथे काही लिहावयाचे आहे.

हिवरे बाजार हे ख्रिस्ती गाव नव्हे. परंतु ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, ते वसले आहे, त्याच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासातून ख्रिस्ती समाज वगळता येणार नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणे केले. ‘ज्ञानोदय’ हे पत्र 1842 साली येथेच निघाले. याच मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांच्या मनात स्त्रीशिक्षणाचा संकल्प दृढ झाला. या जिल्ह्यातील ख्रिस्ती झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पाणवठ्यावर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती, असे होते. त्यांना शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, आणि त्याहून मोलाचे म्हणजे एका पंक्तीत बसून प्रभुभोजन घेण्याचा अधिकार मिळाला. माणसाचे माणूसपण प्रत्यक्ष व्यवहारात मान्य करणारी संस्था असे ख्रिस्ती मंडळीचे रूप होते, आणि या प्रांतात तिच्या शब्दाला जे वजन आले ते या व्यवहारामुळेच आले.

आता हिवरे बाजाराकडे वळू. 1972 च्या दुष्काळाने या गावाचे कंबरडे मोडले. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, कर्ती माणसे पोट घेऊन बाहेर पडली, आणि जी राहिली त्यांच्यात दारूच्या भट्ट्यांनी व भाऊबंदकीने ठाण मांडले. 1989 साली पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेत गाव सामील झाले आणि नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान, लोटाबंदी व बोअरवेलबंदी अशी सप्तसूत्री तेथे रूढ झाली. या सात सूत्रांकडे नीट पाहिले असता असे आढळेल की श्रमदान सोडले तर उरलेली बहुतेक सूत्रे ‘करू नका’ अशीच आहेत. सरकारच्या योजना ‘अमुक घ्या’ असे सांगत येतात, बाजार ‘आणखी घ्या’ असे सांगत येतो. या गावाचे भाग्य मात्र ‘इतके पुरे’ असे चारचौघांत ठरविल्याने उघडले. डोंगरउतारावर समतल चर खणले, बांध घातले, झाडे लावली, हे सर्व खरेच. परंतु तीच कामे करून पुन्हा कोरडी पडलेली गावे महाराष्ट्रात थोडी नाहीत. मुरविलेले पाणी उपसण्याला मर्यादा घालणारी सभा त्या गावांपाशी नव्हती, हा फरक आहे.

ख्रिस्ताचे शिष्यत्व म्हणजे तरी दुसरे काय आहे? आपल्याकडे शिष्य म्हटला की गुरूच्या पायाशी एकटा बसलेला साधक डोळ्यांपुढे येतो. शुभवर्तमानातील चित्र याहून निराळे आहे. येशूने बारा जणांना एकत्र बोलाविले, त्यांची थैली एक ठेवली, त्यांना एका ताटात जेवावयास बसविले. त्या बारांत रोमन सत्तेसाठी जकात वसूल करणारा मत्तय होता, आणि जिलोत म्हणून ओळखला जाणारा, म्हणजे त्या सत्तेचा उच्छेद करू पाहणाऱ्यांच्या नावाने ओळखला जाणारा, शिमोनही होता. एकाचा चरितार्थ राजवटीवर चालावा आणि दुसऱ्याचे नाव त्या राजवटीच्या वैऱ्यांशी जोडलेले असावे, अशा दोघांना एकमेकांचे पाय धुण्याचा पाठ द्यावयाचा, ही त्या गुरूची शिक्षणपद्धती होती. तेव्हा शिष्यत्व हे अंतःकरणातील खाजगी दालन नव्हे. शेजाऱ्यासमक्ष केलेला आणि शेजाऱ्याला ज्याची कैफियत मागता येते असा तो करारनामा आहे.

या कसोटीला आजच्या मंडळ्या कितपत उतरतात? प्रथम राजकारणाचा विचार करू. ख्रिस्ती माणसाने राजकारणापासून अलिप्त राहावे, असा उपदेश अधूनमधून ऐकू येतो. तो भ्याडपणाचा आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना त्यांत घेण्यात आले. दलित ख्रिस्ती मात्र अद्याप बाहेरच आहेत. धर्म बदलल्याने गावातील जात पुसली जाते असे मानणाऱ्याने एकदा गाव पाहून यावे. या अन्यायाविरुद्ध दाद मागणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. परंतु दाद मागणे वेगळे आणि मंडळीचे मुखत्यारपत्र एखाद्या पुढाऱ्याच्या हवाली करणे वेगळे. नाताळात उमेदवाराने केक घेऊन यावे, सभागृहाच्या दुरुस्तीला देणगी जाहीर करावी, आणि व्यासपीठावरून त्याच्या गळ्यात हार पडावा, हा शिरस्ता पडला की मंडळी आणि मतपेढी यांत भेद उरत नाही. त्याहून दुःखद गोष्ट अशी की बाहेरच्या राजकारणाची सारी रीत आत येते. पंचांच्या निवडणुकीत गट पडतात, मिळकतींवरून दावे-फिर्यादी होतात, आणि ज्या भावांनी एका भाकरीत वाटा घेतला ते कोर्टाच्या ओसरीवर पाठ फिरवून बसतात.

बाजाराचे आक्रमण याहून सौम्य आणि म्हणूनच अधिक घातक आहे. राजकारण माणसाला निदान जमावात ओढते. बाजार त्याला एकटा गाठतो आणि त्याचे गिऱ्हाईक करून सोडतो. कर्ज काढून उठविलेले लग्न, शेजाऱ्याच्या गाडीहून मोठी गाडी आणि हप्त्यांच्या ओझ्याखाली वाकलेला संसार या गोष्टी एका धर्माच्या नव्हेत. पण गोठ्यात जन्मलेल्या बालकाचा उत्सव हाच जेव्हा खरेदीचा मोसम होतो, तेव्हा त्या बालकाच्या अनुयायांना निदान लाज वाटावी, ही अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही. आणि ही वृत्ती उपासनेलाही सोडीत नाही. कोठे गायन चांगले, कोठे वक्ता रंगतदार, कोठे बरकतीचे आश्वासन अधिक रोकडे, हे पाहून दर काही महिन्यांनी मंडळी बदलणारा मनुष्य शिष्य नसून गिऱ्हाईक आहे; आणि त्याला राखण्यासाठी जो पाळक आपला माल गोड करतो तो पाळक राहिलेला नाही.

शिष्यत्वाच्या या ऱ्हासाची जाणीव मराठी ख्रिस्ती समाजाला पूर्वी झाली नव्हती असे नाही. ज्यांचे नाव नगर व राहुरी यांच्याशी कायमचे निगडित झाले आहे ते नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, अनेक वर्षे मिशनच्या पगारावर राहिले, आणि 1917 साली तो पगार सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, परंतु ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा तो बंधुसंघ व्हावा, अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत, 1919 साली, त्यांचा अंत झाला आणि तो प्रयोग बाल्यावस्थेतच राहिला. पण त्यांनी ओळखलेला रोग अचूक होता: ज्या समाजाचा चरितार्थ दुसऱ्याच्या देणगीवर चालतो त्याला त्यागाची संवय लागत नाही, आणि जेथे त्याग नाही तेथे सभासद असतात, शिष्य नसतात.

याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण हिवरे बाजाराच्या कथेशी अधिक जवळचे आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघी फादर हर्मन बाखर यांनी नगरला राहून दुष्काळी गावांची दैना अनेक दशके पाहिली, आणि त्यांच्या खटपटीतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ या संस्थेचा पाया घातला. ज्या गावाला त्या कार्यक्रमात यावयाचे असेल त्याने आधी श्रमदान करावयाचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावयाची, अशी अट होती. म्हणजे परदेशातून आलेला पैसाही गावाच्या संयमाची साक्ष पटल्यावाचून मिळत नसे. मिशनच्या जुन्या दानधर्मापेक्षा ही नीती कितीतरी प्रगल्भ होती, आणि ती एका ख्रिस्ती धर्मगुरूने बिगरख्रिस्ती गावांत रुजविली, हे आपल्या मंडळ्यांनी विसरू नये.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. समूहाने घातलेले बंधन केव्हा जाचक होईल याचा नेम नसतो. जातपंचायतींचे वाळीत टाकणे महाराष्ट्राने इतके पाहिले आहे की 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. आणि ख्रिस्ती होणाऱ्यांच्या वाट्याला तर बहिष्काराचे चटके पहिल्या पिढीपासून आले. शिवाय चराईबंदीसारख्या नियमाचा भार शेळ्या राखून जगणाऱ्या भूमिहीनावर पडतो आणि मुरलेल्या पाण्याचा लाभ मात्र विहीरवाल्याला होतो, हा पाणलोटाच्या कामावरील टीकाकारांचा आरोप झटकून टाकण्याजोगा नाही. यावर उत्तर एकच संभवते. बंधनाचा आरंभ ज्याच्यापाशी अधिक आहे त्याच्यापासून झाला पाहिजे, आणि ते मोडणाऱ्याला दंड वा बहिष्कार यांचे भय असता कामा नये. हिवरे बाजारची बोअरवेलबंदी व ऊसबंदी म्हणूनच मोलाची. भूमिहीनाला कूपनलिका खोदावयाची नसते, तेव्हा ती बंदी ऐपतदारालाच लागू पडते. शुभवर्तमानातही येशूने सर्वस्व विकून टाकावयास सांगितले ते धनवान तरुणाला, दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला नव्हे.

तेव्हा मंडळ्यांपुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. वार्षिक सभेत पंच मंडळी वर्गणीचा आणि दशांशाचा हिशेब वाचतात. त्याबरोबर संयमाचाही हिशेब वाचण्यास काय हरकत आहे? या वर्षी आपल्यातील सधन घरांनी लग्नाचा खर्च कोठे थांबविला, नाताळातील किती रक्कम एखाद्या कर्जबाजारी कुटुंबाची सुटका करण्यास लागली, मिळकतीचे किती दावे आपसात मिटले, आणि निवडणुकीच्या काळात किती देणग्या साभार परत केल्या, ही चार कलमे पुरेत. प्रारंभी आकडे लज्जास्पद निघतील. निघू द्यावेत; हिवरे बाजारच्या विहिरीही प्रारंभी कोरड्याच होत्या.

बिगरख्रिस्ती वाचकाला हा परक्या घरचा प्रपंच वाटण्याचे कारण नाही. वारकरी फड असो, मशिदीची जमात असो, बुद्धविहार असो की सहकारी संस्था असो, आपल्या सभासदाकडून मत किंवा वर्गणी यांपलीकडे काही मागण्याचे धैर्य ज्या संस्थेत उरले नाही, ती राजकारणाची ओसरी किंवा बाजाराचे दुकान होऊन बसते. नगरच्या ख्रिस्ती मंडळ्यांना हे धैर्य त्यांच्या गुरूने दिले आहे, टिळकांनी स्वतः आचरून दाखविले आहे, आणि काही कोसांवरचे एक गाव ते दरवर्षी उघड सभेत वापरीत आहे. आता त्यांनी आपल्या पुढच्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत ही चार कलमे लिहून घ्यावीत, आणि पहिला हिशेब पंचांनी स्वतःच्या घरचा द्यावा.