दोष कन्व्हर्टरचा की आधीच्या आजाराचा?

जुन्या ट्रकच्या धुराचे निदान गॅरेजमध्ये चुकते, तपासणी केंद्रात लपते

येरमाळा : सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गाला बार्शी-कळंब रस्ता जेथे छेदतो, ते येरमाळा येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेमुळे सर्वदूर परिचित आहे. एरवी या गावावरून रात्रंदिवस वाहते ती मालवाहतूक. बीडकडून येणारा भरलेला ट्रक मांजरसुंब्याचा घाट चढताना दम टाकू लागला, की चालकाचा संशय प्रथम टर्बोवर जातो, मग डिझेलवर. अलीकडे या संशयितांच्या यादीत एका महागड्या भागाची भर पडली आहे. तो भाग म्हणजे धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

हा भाग देशाला नवा नाही. चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. अवजड ट्रकच्या वाट्याला तो बराच उशिरा आला. भारत स्टेज-४ निकष १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले, तर १ एप्रिल २०२० पासून स्टेज-५ वगळून थेट स्टेज-६ आले. नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा प्रति किलोवॉट-तास ३.५ ग्रॅमवरून सुमारे ०.४ ग्रॅमवर आली. इतकी घट केवळ इंजिनात सुधारणा करून साधण्याजोगी नव्हती. त्यामुळे धुराड्यात छोटा रासायनिक कारखानाच बसवावा लागला. २०१७ पूर्वीच्या बहुतेक अवजड ट्रकना ही यंत्रणा नाही. म्हणून ‘जुना ट्रक’ म्हणताना तो कोणत्या निकषाचा, हे आधी पाहावे लागते.

या कारखान्याचे साधारणतः तीन विभाग असतात. पहिला न जळलेले इंधन व कार्बन मोनॉक्साइड जाळतो. दुसरा काजळी अडवतो. तिसऱ्यात ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध द्रावण, म्हणजेच डीईएफ, फवारले जाते. उष्णतेने त्याचा अमोनिया बनतो आणि नायट्रोजन ऑक्साइडांचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्यात होते. स्टेज-४ च्या ट्रकमध्ये कंपनीगणिक यातील काहीच विभाग आढळतात.

निदानाआधीच बदल

दिवा लागला, ताकद घटली, की ‘कन्व्हर्टर गेला’ असा निकाल देण्याची घाई होते. वास्तविक कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो. बहुधा त्याला कोणीतरी मारलेले असते. इंजेक्टर गळत असेल, तर न जळलेले डिझेल आत जाऊन जळते आणि आतील चिनीमातीची जाळी वितळते. रिंगा झिजून इंजिन ऑइल जळू लागले, की त्याची राख व फॉस्फरस जाळीवर बसतात. भेसळीचे डिझेल गंधकाची भर घालते. स्टेज-६ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत अवघी १० भाग आहे, ती याच कारणासाठी.

त्यामुळे तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम स्कॅनरवरील कोड वाचायचे, परंतु त्यावर विसंबून सुटा भाग मागवायचा नाही. नंतर धुराड्याचे सांधे गळतात का, हे पाहायचे. कारण गळतीमुळे सेन्सर खोटी साक्ष देतो. मग कन्व्हर्टरच्या आधी व नंतर दाब मोजायचा. तफावत मोठी असेल, तर मार्ग तुंबला आहे. गार झालेल्या डब्यावर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर खळखळ ऐकू आली, तर जाळी फुटली असे समजावे. डीईएफचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ३२.५ टक्के दाखवतो का आणि फवारणीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक साचले आहेत का, हेही पाहावे लागते. अनेकदा दोष नोझल, सेन्सर किंवा डीईएफमध्ये सापडतो आणि कन्व्हर्टर निर्दोष सुटतो.

तो खरोखरच निकामी असेल, तर मूळ कारण दूर केल्याशिवाय नवा बसवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बदलताना धुराडे पूर्ण गार होऊ देणे, बाणाची दिशा पाळणे, गॅसकेट नवी वापरणे आणि शेवटी कोड पुसून ट्रक भार घालून चालवून पाहणे आवश्यक असते. आतील प्लॅटिनम व पॅलेडियममुळे अस्सल भाग महाग असतो. स्वस्त नकली भागात हेच धातू नावापुरते असतात.

गोणीतला मोह

मराठवाड्यासारख्या शेतीप्रधान भागात आणखी एक मोह हाताशी आहे. शेतीचा युरिया अनुदानामुळे ४५ किलोच्या गोणीला तीनशे रुपयांच्या आत मिळतो. तो पाण्यात विरघळवून टाकीत ओतला, तर खर्च वाचल्यासारखा वाटतो. मात्र २०१५ पासून या युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा आहे, शिवाय त्यात डीईएफला न चालणारी अन्य द्रव्ये असतात. ती नोझल तुंबवतात आणि उत्प्रेरक निकामी करतात. शेतकऱ्याच्या वाट्याची गोणी अशी धुराड्यात जाते आणि वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट खर्च ट्रकमालकाच्या माथी येतो.

दुसरी पळवाट अधिक घातक आहे. आतील जाळी काढून डबा रिकामा करायचा आणि खोटा संदेश देणारी चकती बसवून संगणकाला फसवायचे. ट्रक पुन्हा जोमाने धावतो. त्याचे विष रस्त्याकाठच्या वस्तीला मिळते.

ही फसवणूक पीयूसीत पकडली जाणे कठीण आहे. डिझेल वाहनाच्या या चाचणीत धुराची घनता मोजली जाते. नायट्रोजन ऑक्साइडे मोजली जात नाहीत. ती डोळ्यांना काळी दिसत नाहीत. साहजिकच युरियाची यंत्रणा बंद पडलेला ट्रकही प्रमाणपत्र मिळवू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने प्रदूषणाचा दंड १० हजार रुपयांपर्यंत नेला. पण जे मोजलेच जात नाही, त्याला दंड कसा होणार?

२०२० मधील ट्रक आता पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, मोठ्या वाहतूक कंपनीकडून एकाच ट्रकवर संसार चालवणाऱ्याकडे जात आहेत. निकष कडक करताना नव्या ट्रकचा विचार झाला. जुन्या होणाऱ्या ट्रकच्या दुरुस्तीचा तितका झाला नाही. महामार्गालगतच्या मेकॅनिकला प्रशिक्षण, अस्सल भागांची वाजवी दरात उपलब्धता आणि तपासणीत नायट्रोजन ऑक्साइडांचा समावेश, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच कागदावरची स्वच्छ हवा येरमाळ्याच्या चौकात पोहोचेल. केवळ दंडाने ट्रकमालक पळवाटेकडेच ढकलला जाईल.