विश्लेषण : कासूच्या जमिनीला भाव आला, पण विकण्याचा हक्क कोणाचा?

मुंबई-गोवा महामार्गावरच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रखडलेल्या टप्प्याचे कामासाठी दोन तुकडे करण्यात आले. पहिला पनवेल ते कासू, दुसरा कासू ते इंदापूर (हे इंदापूर रायगडातले, पुण्याचे नव्हे). गणपतीला कोकणात जाणाऱ्या बहुतेकांना पेण आणि नागोठणे यांच्या मधल्या कासूची ओळख एवढीच. पण रस्ता रखडला तरी जमिनीचा बाजार थांबलेला नाही. भाताची शेते आता एकरात नव्हे, गुंठ्यात मोजली जातात. हा वाढलेला भाव शेतकऱ्याच्या हातात किती पडतो, हे ठरते ते त्याच्या सातबारावर आणि त्यामागच्या पाऊणशे वर्षांच्या कागदांवर.

भाव का वाढले?

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि मुंबईहून उरण-चिर्ले काही मिनिटांवर आले. नवी मुंबई विमानतळ, विरार-अलिबाग कॉरिडॉर यांची रेषा त्याच दिशेने येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरच्या नवनगरासाठी एमएमआरडीएला प्राधिकरण म्हणून नेमले. ‘तिसरी मुंबई’ म्हणतात ती हीच. अशी अधिसूचना निघाली की यादीत नसलेल्या गावांतही एजंट फिरू लागतात. पेणच्या दक्षिणेचा, नागोठण्याकडे जाणारा पट्टा त्याला अपवाद नाही.

सातबारा म्हणजे मालकी नव्हे का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. जमीन कोणाच्या ताब्यात आहे, पीक काय, सारा किती, बोजा कोणाचा, हे तो सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यावरची नोंद खरी मानली जाते, पण ती खोटी ठरेपर्यंतच. सरकार मालकीची हमी देत नाही. खरेदीखत नोंदवणारे दुय्यम निबंधक कार्यालयही विकणाऱ्याची मालकी निर्विवाद असल्याची हमी देत नाही. थोडक्यात, नोंदणी होते ती व्यवहाराची.

महाभूलेखमुळे डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मोबाइलवर मिळतो, ही मोठी सोय झाली. पण जुनी चुकीची नोंद संगणकात गेली की ती चुकीची नोंदच वेगाने मिळते.

कोकणात अडचण आणखी एका पायरीने वाढते. आजोबांच्या नावावर असलेले शेत तीन पिढ्यांनंतर सामाईक खात्यात राहते. समजा चाळीस गुंठ्यांच्या एका गटावर चौदा नावे आहेत. त्यातले पाच मुंबईत, दोन मयत, एकीचा पत्ता नाही. कसतो एकच जण. भाव नव्हता तोवर कोणालाच काही पडलेले नव्हते. भाव आला की वारस नोंद, पोटहिस्सा मोजणी आणि बहिणींचे हक्कसोडपत्र अशी धावपळ सुरू होते. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. ‘माहेर तुटायला नको’ म्हणून होणारी सही मात्र आजही व्यवहाराचा भाग मानली जाते. सही करताना गुंठ्याचा चालू भाव तिला कोणी सांगितला होता का, हे खरेदीखतात कुठेच लिहिलेले नसते.

कूळकायद्याची अट आजही आडवी येते का?

येते. रायगडात तर विशेष, कारण कूळकायद्याची मुळे याच जिल्ह्यात आहेत. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची शेते न कसता संप केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९३९ चा आणि मग १९४८ चा कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७, म्हणजे ‘कृषक दिन’, या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. न्यायाधिकरणाने किंमत ठरवायची (कलम ३२ग), ती भरली की ३२म चे प्रमाणपत्र मिळायचे.

ही जमीन पुन्हा सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून कलम ४३ आले : परवानगीशिवाय विक्री नाही. म्हणूनच अनेक सातबारांवर इतर अधिकारात आजही ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा दिसतो. २०१४ च्या दुरुस्तीने हे बंधन सैल झाले. खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून जमीन विकता येते. सारा पाच रुपये असेल तर नजराणा होतो दोनशे रुपये. म्हणजे अडचण पैशांची उरलेली नाही. ती आहे कागदाची. आजोबांनी किंमत भरली, पण ३२म चे प्रमाणपत्र घेतले नाही किंवा ते पुरात, वाटणीत गेले. कुठे जुन्या खोताचे नाव कमीच झाले नाही. अशा शेतकऱ्याकडे एजंट येतो आणि ‘क्लिअर करून घेतो, तुम्ही फक्त सही करा’ म्हणतो. दोनशे रुपयांच्या नजराण्याच्या आणि एका दाखल्याच्या बदल्यात भावातला मोठा हिस्सा तिथेच कापला जातो.

बाजार नेमका चालतो कसा?

कायद्याने शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते (कूळकायद्याचे कलम ६३). उद्योगासाठी घेणाऱ्यांना ६३-१अ ची वेगळी वाट आहे. हेतू शेती वाचवण्याचा होता. परिणाम असा की गावातल्या विक्रेत्यासमोर बोली लावणारे मोजकेच राहतात : शेतकरी दाखला जवळ असलेले गुंतवणूकदार आणि त्यांच्यासाठी जमीन गोळा करणारे. विसार देऊन साठेखत करायचे, कुलमुखत्यारपत्र घ्यायचे आणि भाव चढला की तिसऱ्याच्या नावे खरेदीखत, हा नेहमीचा मार्ग. मधला फरक मूळ मालकाला दिसतही नाही. केवळ मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरी गावोगावी ती पद्धत टिकून आहे.

मालकीचा कागद दिला की विकास होतो का?

पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांदो दे सोतो यांनी २००० मध्ये मांडले की गरिबांकडे मालमत्ता असते, पण कागद नसल्याने ते भांडवल ठरत नाही. कागद द्या, बँक कर्ज देईल. कल्पना गाजली. पेरूमध्ये शहरी वस्त्यांना मोठ्या प्रमाणावर पट्टे दिल्यावर लोक घर राखण्याऐवजी कामाला बाहेर पडू लागले, असे अभ्यासात दिसले. खासगी बँकांचे कर्ज मात्र फारसे वाढले नाही. रवांडाने काही वर्षांत एक कोटीहून अधिक तुकड्यांची नोंद केली. नोंदणीकृत लग्न असलेल्या बायकांची नावे लागली, पण ज्यांचे लग्न नोंदलेले नव्हते त्या मागे पडण्याचा धोका दिसला.

रायगडात हे वाचताना कातकरी वाड्या आठवतात. दे सोतो यांचा हिशेब इथे पुरताच अडखळतो. अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकी जमिनीवर किंवा वनजमिनीवर आहेत. माळाला भाव नव्हता तोवर वाडी कोणाला खुपत नव्हती. जमीन विकली गेली की नवा मालक कुंपण घालतो आणि पिढ्यानपिढ्या राहणारे ‘अतिक्रमण’ ठरतात. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवण्याच्या इंग्रज काळापासूनच्या दळी जमिनींसाठी आदिवासी संघटनांनी वनहक्क कायदा २००६ खाली दीर्घ लढा दिला. हा हक्क वारसाने जातो, विकता येत नाही. बँकेच्या लेखी असा कागद तारण म्हणून शून्य, वाडीच्या लेखी मात्र तोच कुंपणाविरुद्धचा एकमेव पुरावा. म्हणून ‘बंधने काढा, बाजार मोकळा करा’ हा सल्ला कासूच्या खातेदाराला एक वेळ लागू पडेल. माळावरच्या वाडीला तो महागात पडेल.

पेणने याआधी काय केले?

पेण, उरण, पनवेलमध्ये रिलायन्सशी संबंधित महामुंबई सेझसाठी भूसंपादन सुरू झाले, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेणच्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले. भूसंपादनावर शेतकऱ्यांना थेट विचारण्याचा हा देशातला दुर्मीळ प्रसंग होता. कौल मोठ्या फरकाने विरोधात गेला. पुढे मुदतीत संपादन पूर्ण झाले नाही आणि प्रकल्प बारगळला. त्या वेळी प्रश्न फक्त दराचा नव्हता. धरण बांधले, कालव्याचे पाणी शेतात यायचे बाकी आणि शेतच मागितले जाते, हा राग होता.

आता काय वेगळे?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती आवश्यक केली. सरकार स्वतःसाठी घेते तेव्हा ही अट नाही. शेजारच्या नैना क्षेत्रात सिडकोने तिसरा मार्ग वापरला : नगररचना योजनेत जमीन एकत्र करायची आणि मालकाला ४० टक्के विकसित भूखंड परत द्यायचा. मार्ग कोणताही असो, मोबदला किंवा भूखंड अभिलेखातल्या नावांवरच जातो. चौदा नावांच्या सामाईक खात्याला एक भूखंड मिळाला तर भांडण तिथून सुरू होते.

त्यामुळे नवनगराच्या हरकती-सूचनांइतकेच तलाठी कार्यालयातले साधे काम महत्त्वाचे आहे : मयतांची वारस नोंद, कलम ८५ खाली वाटप, ३२म च्या प्रमाणपत्राची नक्कल, जुन्या फेरफारांच्या प्रती. फेरफाराला हरकत आली तर मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी होते आणि मुंबईतल्या सहहिस्सेदारांना त्यासाठी पेणला यावे लागते. एजंटला त्यातल्या कोणासाठीही थांबावे लागत नाही. तो घरी जाऊन एकेकाची सही घेतो.