दमट हवा विकत घेताना

एप्रिल उजाडला की या सदराच्या टपालात ह्युमिडिफायर शिरतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडून विचारणा उन्हाळ्यात होते. शिकागो, टोरांटो, न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून तीच डिसेंबर-जानेवारीत येते, कारण तिथे बाहेर बर्फ आणि आत हीटिंग. ऋतू उलटे, तक्रार एकच: खोलीतली हवा कोरडीठाक, पक्षी सारखे अंग खाजवतोय, पिसे रखरखीत झालीत, कोणते यंत्र घेऊ? सोबत दोन-तीन मॉडेलचे फोटो. बहुतेक फोटोंत एक पांढरे अंडाकृती भांडे, त्यातून वर चढणारे धुके आणि पोटात सात रंगांचा दिवा. माझे उत्तर सहसा विचारणाऱ्याला आवडत नाही. फोटोतले एकही घेऊ नका.

मुळात यंत्र लागते का, ते आधी बघू. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की ह्युमिडिफायर विकत घेणे म्हणजे समुद्रात पाण्याची बाटली ओतणे. तिथला खरा प्रश्न दाण्यांना आणि पिंजऱ्याच्या तळातल्या कागदाला लागणारी बुरशी. विदर्भाचे तसे नाही. मे महिन्यात दुपारी तिथली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. रात्रभर एसी चालणाऱ्या पुण्या-मुंबईच्या खोल्यांतही हवा कोरडी होते, पण इतकी नाही.

पक्षी कोणता, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे ‘लव्हबर्ड’ म्हणून सर्रास विकला जाणारा बजरीगर आणि त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यातला कॉकाटील हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले. कोरडी हवा त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची आहे. आफ्रिकन ग्रे आणि अ‍ॅमेझॉन पोपट मात्र सदाहरित, पावसाळी जंगलांतले. कोरडेपणा त्यांना जास्त जाचतो. (आपला हिरवा, गळ्यात कंठी असलेला पोपट या यादीत नाही. तो पाळणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि ‘आमच्याकडे आजोबांपासून आहे’ हे त्यावरचे उत्तर नव्हे.)

बऱ्याच घरांत यंत्राचे काम आंघोळच करते. साध्या पाण्याची स्प्रेची बाटली, नळी बारीक फवाऱ्यावर, सकाळच्या वेळी, थेट तोंडावर न मारता डोक्याच्या वरून पाऊस पडल्यासारखा फवारा. ग्रे पहिले दोन दिवस रुसतो, मग पंख पसरून उभा राहतो. बजरीगराला ओल्या कोथिंबिरीची जुडी पिंजऱ्यात टांगली तर तो तिच्यात लोळून अंग भिजवून घेतो. ग्रे, कॉकाटील, काकाकुवा यांच्या अंगावरून पांढरी पूड सतत झडत असते आणि कोरड्या खोलीत ती तरंगत राहते. आंघोळीने तीही बसते. आठवडाभर हे करून बघा आणि चार-पाचशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक आणून तो पिंजऱ्याच्या उंचीवर टांगा. त्यातला आकडा दिवसचे दिवस 30 च्या खाली राहिला, तरच यंत्राचा विचार करायचा.

आता यंत्र. इथे मी एवढा हटवादी का, ते पक्ष्याच्या छातीत दडलेले आहे. आपली फुप्फुसे फुगतात आणि दबतात. पक्ष्याची जवळजवळ ताठच असतात. हवा पुढे ढकलण्याचे काम सहसा नऊ हवेच्या पिशव्या करतात आणि आत घेतलेला एक श्वास पुरता बाहेर पडायला दोन फेऱ्या लागतात. या रचनेमुळे श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फुप्फुसातून जात राहते. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा तर आपल्यापेक्षा कितीतरी पातळ. प्राणवायू खेचण्यात हे शरीर आपल्या पुढे आहे, पण त्याच तत्परतेने ते हवेतले इतर सगळेही खेचते. म्हणून खोलीच्या हवेत आपण काय सोडतो, याचा हिशेब पक्षी असलेल्या घराने वेगळा ठेवावा लागतो.

सात रंगांच्या दिव्याचे भांडे अल्ट्रासोनिक जातीचे असते. आत एक छोटी चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडवते. इथे पाण्याची वाफ होत नाही, पाणीच उडते, आणि पाण्यात जे काही असेल ते सगळे घेऊन उडते. क्षार, लोखंडाचा गंज, टाकीत वाढलेले जंतू, सगळे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातल्या विरघळलेल्या घटकांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांत 500 हा आकडा सहज ओलांडला जातो. समजा 500 च धरले आणि यंत्राने रात्रभरात तीन लिटर पाणी उडवले, तर दीड ग्रॅम क्षारांची पूड खोलीत सुटली. काळ्या टीव्हीवर सकाळी दिसणारा पांढरा थर तोच. बजरीगराचे सगळे वजन तीस-चाळीस ग्रॅम असते, हे इथे लक्षात घ्यावे. आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी वापरले तर क्षार कमी होतात, हे खरे. पण टाकी दोन दिवस धुतली नाही तर जंतूंची फवारणी तशीच चालू राहते. वर या यंत्रांना सुगंधी तेलाचा कप्पा असतोच असतो.

दुसरी जात पाणी उकळून वाफ सोडणारी. जंतूंच्या बाबतीत ही बरी. तिची अडचण वेगळी: काही मॉडेलमध्ये तापणाऱ्या तळाला नॉनस्टिक लेप असतो. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून सुटणाऱ्या वायूने घरातले पक्षी काही मिनिटांत मरतात, हे पक्षी पाळणाऱ्या बहुतेकांना आता माहीत आहे. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही आणि हा वायू त्याहून खूप वर, साधारण 280 अंशांच्या पुढे सुटू लागतो. म्हणजे धोका पाणी संपल्यावर आणि आपोआप बंद होण्याची सोय दगा देते तेव्हा. मी तेवढीही जोखीम पक्ष्याच्या खोलीत घेणार नाही. शिवाय मोकळा सोडलेला पोपट गरम वाफेच्या तोंडावर जाऊन बसतो आणि वायर दिसली की कुरतडतो.

उरले बाष्पीभवनाचे यंत्र: पाण्यात बुडालेली वात किंवा जाळी आणि तिच्यातून हवा खेचणारा पंखा. उष्णता नाही, धुके नाही. क्षार वातीतच अडकून राहतात आणि हवा दमट होत गेली की बाष्पीभवन आपसूक मंदावते. दिसायला एकदम नीरस. माझी निवड हीच.

विदर्भातल्या वाचकाला आता लक्षात आले असेल की हे यंत्र त्याच्या खिडकीत आधीच बसवलेले आहे. आपला कूलर म्हणजे मोठा, आवाज करणारा, बाष्पीभवनाचा ह्युमिडिफायर. वेगळे काही विकत घेण्याआधी तोच नीट चालवायला शिकावे. गवताचे पॅड मागच्या वर्षीचे असतील तर फेकून द्या. दरवर्षी मार्चअखेर नवे लावायचे, कारण ओलसर राहून सडलेल्या गवतात बुरशी धरते आणि पंखा तिचे बीजाणू थेट खोलीत आणतो. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी पक्ष्यांच्या हवेच्या पिशव्यांत घर करते, महिनोन्‌महिने औषधे चालतात आणि तरी अनेकदा पक्षी हाती लागत नाही. आफ्रिकन ग्रे या रोगाला विशेष बळी पडतो. कूलर सुरू केल्यावर पहिल्या मिनिटाला येणारा कुबट वास हा ‘कूलरचा वास’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. डेंगीसाठी नगरपालिका आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते. पक्षी असलेल्या घराने तो आठवड्यातून दोनदा पाळावा. टाकी रिकामी करायची, तळाचा बुळबुळीत थर ब्रशने घासायचा, उन्हात वाळू द्यायची. डासांसाठी रॉकेल नको, खसचे अत्तर नको, कूलरमध्ये टाकायच्या सुगंधी बाटल्या तर अजिबात नकोत. समोरची खिडकी किंवा दार फटीभर उघडे ठेवा, नाहीतर तासाभरात खोली वीस टक्क्यांवरून ऐंशीवर जाते आणि तोही त्रासच. पिंजरा कूलरच्या झोतात ठेवू नका.

टाकीत ‘काहीतरी’ घालण्याची हौस ही मला यातली सर्वांत धोकादायक वाटते. दक्षिण कोरियात 1994 पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायचे जंतुनाशक घरोघर विकले जात होते. हेतू चांगला, टाकी स्वच्छ राहावी. 2011 मध्ये गर्भवती आणि बाळंतिणींच्या फुप्फुसांचे एक गूढ, जीवघेणे दुखणे तपासताना डॉक्टर या बाटल्यांपर्यंत पोहोचले. त्यातली रसायने पाण्याच्या तुषारांबरोबर छातीत जात होती. अनेक माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती, आणि माल बाजारातून मागे घेतला गेला. कातडीला चालणारी वस्तू फुप्फुसाला चालेल असे धरून चालल्याचा हा परिणाम. तीच गोष्ट निलगिरीच्या तेलाची, टी ट्री ऑइलची, वाफाऱ्यात घालायच्या मलमाची. सर्दी झालेल्या पोराला ज्याने बरे वाटते, त्याचे तुषार पक्ष्याच्या खोलीत सोडू नयेत. ‘आयन’ सोडण्याची सोय असलेली यंत्रेही टाळावीत. त्यांतली काही ओझोन तयार करतात आणि तो पक्ष्यांच्या फुप्फुसांना घातक आहे.

परदेशातल्या वाचकांसाठी थोडे वेगळे. तिथे घरे बंद असतात, त्यामुळे जास्त झालेला दमटपणा बाहेर जात नाही. खिडकीच्या काचेला आतून पाणी साचू लागले, की भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी येणार हे समजावे आणि यंत्र कमी चालवावे. अमेरिकेची पर्यावरण संस्था घरासाठी 30 ते 50 टक्के आर्द्रता सुचवते. पक्ष्याच्या खोलीत मी 40 ते 55 धरतो आणि 60 ओलांडू देत नाही.

दुकानात गेलात तर एकच कसोटी लावा. टाकीत हात जातो का? तोंड मनगटाएवढे रुंद हवे, आतला प्रत्येक कोपरा फडक्याने पुसता यायला हवा, आणि बदलायची वात सहज मिळते का हे आधी विचारावे. विकणारा अ‍ॅप, रिमोट, रंगीत दिवे दाखवेल. त्याला झाकण काढायला सांगा. घरी आणल्यावर पाणी रोज बदलायचे, दोन-तीन दिवसांनी पांढऱ्या व्हिनेगरने किंवा लिंबूसत्त्वाने क्षार काढायचे, भरपूर पाण्याने खळबळून धुवायचे, आणि हे काम पक्षी असलेल्या खोलीत करायचे नाही. एवढा वेळ नसेल तर यंत्र घेऊ नये. घाणेरड्या यंत्रापेक्षा कोरडी हवा बरी.

आणि एक. श्वासागणिक पक्ष्याची शेपटी वर-खाली हलत असेल, तो चोच उघडून श्वास घेत असेल किंवा त्याचा आवाज अचानक बदलला असेल, तर ते हवेच्या कोरडेपणाने होत नाही. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, त्यामुळे एवढे दिसते आहे म्हणजे उशीर झालेला असू शकतो. त्या दिवशी ह्युमिडिफायर शोधत बसू नका, पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.