बाराशेतले बारा

आधी एक साधं गणित करू या. टी-ट्वेंटी मॅच म्हणजे दोन्ही इनिंग्जचे मिळून २४० बॉल. प्रत्येक बॉलला फक्त पाच फ्रेम मारल्या, तरी झाले १२०० फोटो. वाइड, नो-बॉल, विकेटनंतरची मिठ्यामारी आणि स्टँडमधल्या रंगवलेल्या गालांची पब्लिक, हा हिशेब वेगळाच! आता घरी येऊन प्रत्येक फोटोला फक्त तीन सेकंद दिलीत, तर बरोब्बर एक तास जातो. नुसता बघण्यात. निवडणं, कापणं, कॅप्शन लिहिणं तर अजून पुढेच आहे.

म्हणूनच आपल्यापैकी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ‘ऑफिस टूर्नामेंट फायनल’ नावाचा एक फोल्डर पडून असतो. कधीतरी सावकाश निवडू म्हणून ठेवलेला. ग्रुपवरचे लोक चार दिवस ‘अरे फोटो टाक ना यार’ म्हणून मागे लागतात, पाचव्या दिवशी गप्प होतात. सहाव्या महिन्यात हार्ड डिस्क भरते आणि मग फोल्डरच उडवला जातो.

तर मंडळी, या आठवड्याचा विषय आहे कॅमेऱ्यावरचं एक दुर्लक्षित बटण. काही कॅमेऱ्यांवर त्यावर किल्लीचं चित्र असतं, काहींवर सरळ इंग्रजीत ‘रेट’ लिहिलेलं असतं. बहुतेक जण कॅमेरा विकेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. आणि रोज ग्राउंडवर पोट भरणाऱ्यांचं मात्र त्याच्याशिवाय पान हलत नाही.

काम अगदी सोपं आहे. फोटो काढला, स्क्रीनवर बघितला, आवडला तर बटण दाबलं. किल्ली म्हणजे तो फोटो ‘लॉक’ झाला, चुकून डिलीट होणार नाही. ‘रेट’ म्हणजे त्याला एक ते पाच स्टार देता येतात. कॅननच्या २०१२ च्या फाइव्ह-डी मार्क थ्रीवर रेटिंगसाठी चक्क वेगळं बटण आलं. दोन्हींत फंडा एकच. ही खूण फोटोच्या फाइलबरोबर घरी येते. फोटो मेकॅनिकसारख्या सॉफ्टवेअरला सांगता येतं, ‘बाबा रे, कार्डावरचे फक्त लॉक केलेले फोटो उचल.’ की बाराशेतले बारा समोर हजर!

वाचायला सोपं वाटतं ना? मलाही तो निव्वळ टेक्निकल मामला वाटायचा. मग एका शनिवारी मी शाळांच्या मॅचवर फीचर करायला मैदानात गेले आणि माझ्या शेजारी बाउंडरीबाहेर एक सीनियर प्रेस फोटोग्राफर बसले होते. सर्किटमध्ये त्यांना सगळे दादाच म्हणतात. तीस वर्षं हेच काम. मोठ्ठी लेन्स, प्लॅस्टिकचं स्टूल, डोक्याला ओला रुमाल. पहिल्या तासाभरात मी काय पाहत होते? मॅच नाहीच. दादांचा उजवा अंगठा!

बॉलर रनअपला निघाला की डोळा व्ह्यूफाइंडरला. शॉट झाला, फील्डरने बॉल परत फेकला, बॉलर मागे वळून चालायला लागला की डोळा स्क्रीनवर. दोन फोटो मागे, एक पुढे, अंगठा किल्लीवर, टक! पुन्हा डोळा वर. सगळं मिळून चार-पाच सेकंद. कित्येकदा तर स्क्रीनकडे बघतच नव्हते.

‘दादा, इतक्यात काय कळतं तुम्हाला?’ मी विचारलं.

‘अगं, चांगला आहे की नाही ते फोटो काढतानाच कळतं. स्क्रीनवर मी फक्त डोळे शार्प आहेत का, एवढंच बघतो,’ दादा म्हणाले. ‘आणि बॉल फ्रेममध्ये आहे का. बॉल नसेल तर तो क्रिकेटचा फोटो नाही, डान्सचा आहे.’

विकेट पडली तेव्हा मला वाटलं, आता लगेच स्क्रीन बघतील. छे! कॅमेरा खालीच आला नाही. बॉलर धावत सुटला, कीपर त्याच्या अंगावर उडी मारून पडला, आऊट झालेला मुलगा बॅट काखेत मारून निघाला, तिथपर्यंत शटर चालूच. नवीन बॅट्समन गार्ड घ्यायला लागला तेव्हा कुठे निवड सुरू झाली. दादांचा नियमच आहे. विकेट महत्त्वाची, पण विकेटनंतरचे दहा सेकंद जास्त महत्त्वाचे. फोटोग्राफर लोकांच्या भाषेत क्लिक केल्याकेल्या स्क्रीनवर वाकून ‘ऊ-ऊ’ करण्याला ‘चिंपिंग’ म्हणतात, चिंपांझीवरून! बेस्ट फोटो नेमका चिंपिंग करताना निसटतो.

म्हणजे खरी कला बटण दाबण्यात नाही, कधी दाबायचं यात आहे. आणि ते प्रत्येक खेळात वेगळं. क्रिकेट हा खुणा करणाऱ्यांसाठी सगळ्यात दयाळू खेळ. दोन बॉलच्या मध्ये श्वास घ्यायला मिळतो, ओव्हर संपली की आणखी थोडा. बॅडमिंटनमध्ये २१ पॉइंट्सच्या गेममध्ये अकराव्या पॉइंटला ६० सेकंदांचा ब्रेक मिळतो, दोन गेम्सच्या मध्ये १२० सेकंदांचा. तीच तुमची वेळ. फुटबॉल मात्र निर्दयी, ४५ मिनिटं सलग. कोणी पडून राहिला, बदली खेळाडू आत आला, तर तेवढीच संधी. कबड्डीत रेड ३० सेकंदांची असते आणि एक संपते न संपते तोच समोरचा रेडर तुमच्या बाजूला धावत येतो. तिथे टाइमआउट आणि रिव्ह्यूशिवाय स्क्रीनकडे बघणाऱ्याची खैर नाही. मॅरेथॉनचा तर विषयच सोडा. तिथे ब्रेक नसतो आणि एकदा पुढे गेलेला चेहरा परत येत नाही.

या सगळ्याची इतकी घाई का, असं विचाराल तर कारण रोकडं आहे. सकाळच्या पेपरसाठी रात्री फोटो द्यायचे दिवस गेले. आता विकेट पडल्यावर काही मिनिटांत फोटो साइटवर हवा असतो. ऑलिंपिकसारख्या ठिकाणी मोठ्या एजन्सीचे फोटोग्राफर कॅमेऱ्याला केबल जोडून बसतात. निवडलेली फ्रेम थेट एडिटरच्या स्क्रीनवर जाते. आपल्याकडचा फ्रीलान्सर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच करतो. आणि जो फोटो आधी पोहोचतो तोच बहुधा लागतो. लागला तर पैसे, नाही तर ‘छान होता, पुढच्या वेळी बघू.’ किल्लीचं बटण म्हणजे कित्येकांच्या घराचा हप्ता आहे!

एक काळ असा होता की निवड आपोआप व्हायची, कारण फ्रेम्सच नव्हत्या. १४ डिसेंबर १९६०, ब्रिस्बेन. ऑस्ट्रेलिया विरुद्ध वेस्ट इंडिज. जो सॉलोमनच्या थेट थ्रोवर इयन मेकिफ रनआऊट झाला आणि टेस्ट क्रिकेटच्या इतिहासातली पहिली टाय झाली. त्या क्षणाचा अजरामर फोटो ‘द एज’च्या रॉन लोविटने टिपला. त्याच्याकडे तेव्हा एकच प्लेट उरली होती, असं सांगतात. एक! बाराशे नव्हे. २००० साली कॅननचा ईओएस वन-व्ही फिल्मवर सेकंदाला १० फ्रेम मारायला लागला, पण रोल ३६ चाच. चार सेकंदांच्या आत संपायचा. त्यामुळे बोट जरा जपूनच दाबलं जायचं. आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए-नाइन थ्रीने तर सेकंदाला १२० फ्रेम्सचा पराक्रम केला. पूर्वी प्रश्न होता, ‘आत्ता दाबू का?’ आता प्रश्न आहे, ‘दाबलंय तर खरं, त्यातलं ठेवू काय?’

पण खच्चून बटण दाबून ठेवलं की ग्रेट फोटो मिळतो असं अजिबात नाही. पॅरिस ऑलिंपिकचा तो सर्फिंगचा फोटो आठवतोय? २९ जुलै २०२४, ताहितीच्या तेआहुपो इथे ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना हवेत उभा, एक बोट आकाशाकडे, शेजारी तसाच उभा सर्फबोर्ड. आपल्या सगळ्यांच्या फोनवर तो येऊन गेला. एएफपीचे जेरोम ब्रुइए तेव्हा बोटीत होते आणि लाटेमागे असताना त्यांना मेदिना दिसतही नव्हता. तो बाहेर आला तेव्हा त्यांनी फक्त चार फ्रेम मारल्या. त्यातली एक जगभर गेली. चारातली एक ओळखायला वेळ लागत नाही. चारशेतली एक शोधताना मात्र डोळे थकतात, आणि थकलेला डोळा बऱ्यापैकीला बेस्ट म्हणून मोकळा होतो.

आता परत त्या शनिवारकडे. मॅचच्या शेवटी एका मुलाच्या हातून कॅच सुटला. लाँग-ऑनला, अगदी सोपा. पुढच्याच ओव्हरमध्ये त्याची टीम हरली. तो पोरगा तिथेच गुडघ्यांवर बसला आणि टोपीत तोंड लपवून रडायला लागला. असेल तेरा-चौदा वर्षांचा. दादांच्या लेन्सचं तोंड तिकडे वळलं, शटरही वाजलं. मग ते फोटो बघायला लागले. मीही मागून डोकावले. फोटो काय होता सांगू! मागे धूसर झालेली जिंकलेली टीम, पुढे एकटा हा. डेस्कवर पोहोचला असता तर चार कॉलम नक्की लागला असता.

दादांचा अंगठा किल्लीवर गेला नाही. ते पुढच्या फोटोवर गेले. तिथे त्याच मुलाचा कॅप्टन त्याला हाताला धरून उठवत होता. फोटो म्हणून तो आधीच्यापेक्षा थोडा कमीच, कॅप्टनचा अर्धा चेहरा झाकलेला. टक!

‘दादा, आधीचा जास्त भारी होता,’ मी म्हटलंच.

‘होता ना,’ दादा म्हणाले. ‘पण सोमवारी त्याला शाळेत जायचंय.’

मी यावर बराच विचार केला. इंटरनॅशनल प्लेअर असता तर दादांनी पहिलाच फोटो पाठवला असता, हे त्यांनीच नंतर सांगितलं. हरण्याचा फोटो हाही बातमीच असतो आणि मोठ्या खेळाडूला ते माहीत असतं. पण शाळेतल्या पोराचा फोटो एकदा नेटवर गेला की तो कुठे कुठे फिरेल, त्याखाली लोक काय लिहितील, कोणाच्याच हातात नाही. हे सगळं त्या पाच सेकंदांत ठरलं. डेस्कला कळलंही नाही की असा एक फोटो होता. म्हणजे खूण करणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच खूण न करणंही. बाराशेतले बारा निवडताना उरलेल्या अकराशे अठ्ठ्याऐंशी फोटोंबद्दलही आपण काहीतरी ठरवतच असतो.

आपल्याला रोज पेपरसाठी फोटो पाठवायचे नसतात, मान्य. पण ऑफिसच्या बॉक्स क्रिकेटमध्ये अकाउंट्समधले सर पाय घसरून आपटले, त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा की त्यांनी नंतर मारलेल्या सिक्सरचा, हे बोट तुमचंच ठरवतं ना? नवीन जॉइन झालेली ट्रेनी पहिल्यांदा दहा किलोमीटर पूर्ण करून फिनिश लाइनवर कशी दिसते, ते त्या दिवशी संध्याकाळी तिला मिळालं पाहिजे. सहा महिन्यांनी उडवलेल्या फोल्डरमध्ये नाही.

तर येत्या वीकेंडला कॅमेरा बाहेर काढणार असाल, तर हा दादा-स्पेशल फंडा:

• आधी बटण शोधा. घरीच, सोफ्यावर बसून. ग्राउंडवर मॅन्युअल कोणी वाचत नाही. काही कॅमेऱ्यांत हे काम दुसऱ्या बटणाला देता येतं. अंगठा सहज पोहोचेल असं ठेवा.

• खुणेचा अर्थ एकच ठेवा. किल्ली म्हणजे ‘आज पाठवायचा’. पाच स्टार, तीन स्टार, अडीच स्टार असली फिल्म रिव्ह्यूगिरी ग्राउंडवर नको.

• कॅमेऱ्यातच डिलीट करत बसू नका. छोटा स्क्रीन फसवतो आणि डिलीट करताना खेळ पुढे जातो. चांगल्यावर खूण करा, वाईटाला राहू द्या.

• डोळे, बॉल, हात. या तीन गोष्टी झूम करून बघा. बाकी सगळं घरी.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं! लॉक केलेला फोटो ‘इरेज ऑल’मधून वाचतो, पण कार्ड फॉरमॅट केलंत तर किल्ली-बिल्ली सगळं साफ. फॉरमॅट करण्याआधी फोटो कॉम्प्युटरवर आले ना, ते बघा.

• कॅमेरा नाही? फोनवरचं हार्ट कशासाठी आहे? मॅच चालू असतानाच, ब्रेकमध्ये, आवडत्या फोटोंना हार्ट द्या. ते आपोआप फेव्हरिट्समध्ये जमा होतात. घरी जाताना ट्रेनमध्ये बसल्या बसल्या बारा फोटो ग्रुपवर!

बारा म्हणजे बाराच हं. तेरावा टाकायचा मोह झाला, तर आधीच्या बारांतला एक काढा.