शॅम्पेनवालाही पाच एकरवालाच आहे

खरड छाटणी आटोपली, सबकेनला अजून वेळ आहे, म्हणून आज जरा निवांत लिहितोय.

गेल्या आठवड्यात एका मेळाव्यात पाहुणे सांगून गेले, "द्राक्ष विकू नका, वाइन विका. फ्रान्सचा शेतकरी बघा, शॅम्पेन विकून मोठा झाला." टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. अर्धी गोष्ट सांगून शेतकऱ्याला खड्ड्यात ढकलायची ही जुनी खोड आहे.

फ्रान्सचा शेतकरी बघायचाच ना? मग नीट बघू.

शॅम्पेन भागात साधारण 34,000 हेक्टर बाग आणि 16,000 च्या आसपास बागायतदार. म्हणजे सरासरी दोन हेक्टर. आपल्यासारखाच पाच एकरवाला! जवळपास 90 टक्के बाग या शेतकऱ्यांची, पण 70 टक्क्यांच्या आसपास बाटल्या विकतात त्या मोठ्या पेढ्या. तिथंही पिकवणारा एक आणि नाव दुसऱ्याचं.

हे त्यांनी मुकाट्यानं सोसलं नाही. 1907 ते 1910 ओळीनं वाईट वर्षं गेली, रोगानं बागा बसल्या. त्यात काही व्यापारी बाहेरच्या भागातून स्वस्त वाइन आणून शॅम्पेन म्हणून खपवत होते. जानेवारी 1911 मध्ये दामरी, ओव्हिले गावांत शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांची तळघरं फोडली, पिंपं ओतून दिली. एप्रिलमध्ये आय गावात आगी लागल्या, सरकारला लष्कर आणावं लागलं. जाळपोळ करा असं मी म्हणत नाही. पण पुढं कायद्यानं हद्द आखली गेली आणि नावाला संरक्षण मिळालं, त्यामागं ही चीड होती.

आज तिथल्या लेबलवर बारीक अक्षरात दोन अक्षरं असतात. 'आर. एम.' म्हणजे स्वतः पिकवून स्वतः बनवणारा. त्याला बाहेरचा माल फार तर 5 टक्के घेता येतो. 'एन. एम.' म्हणजे माल विकत घेऊन बनवणारी पेढी. गिऱ्हाईक बाटली फिरवून बघतं आणि त्याला कळतं, ही द्राक्षं कुणाच्या बागेतली.

आता पाहुण्यांनी न सांगितलेला हिशेब. तिथं तोडणी हातानंच करायची, हा नियम. 4,000 किलो द्राक्षातून रस घ्यायचा जास्तीत जास्त 2,550 लिटर. त्याच्या 3,400 बाटल्या. आधी साधी वाइन करायची. मग बाटलीत लिटरला 24 ग्रॅमच्या आसपास साखर आणि यीस्ट घालून बूच बंद. आत पुन्हा आंबतं, गॅस कोंडतो. गाडीच्या टायरला आपण 32 पाउंड हवा भरतो, या बाटलीत 85-90 पाउंडांचा दाब असतो. काच साधी चालत नाही. मग बाटल्या तळघरात पडून राहतात, कमीत कमी 15 महिने, त्यातले 12 गाळावर. एकाच सालची म्हणून विकायची तर 3 वर्षं. नंतर बाटली थोडी थोडी फिरवत उलटी करायची, मान गोठवायची, गाळ उडवायचा, पुन्हा बूच.

तिथं चुनखडीतली तळघरं बारा महिने फुकटात थंड. आपल्याकडं मे महिन्यात? विजेचं बिल कोण भरणार? आणि बँकेचा हप्ता काही 15 महिने गाळावर झोपत नाही.

पद्धत आपल्या मातीत जमत नाही, असं नाही. श्यामराव चौगुल्यांनी 1980 च्या दशकात नारायणगावात फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेऊन याच पद्धतीची वाइन काढली आणि 'ओमर खय्याम' नावानं परदेशात विकली. पण ती कंपनी होती. पाच एकरवाल्याला तेवढा दम कुठला?

2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर आम्हीही हुरळलो. दीड एकर वाइनची द्राक्षं लावली. 2009 च्या सुमारास मंदी आली, करार करणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. त्याचं नाव घेत नाही. बारीक मणी, आत बिया. टेबलला चालत नाहीत, बेदाण्याला चालत नाहीत. शेवटी जेसीबी लावला. वडील त्या दिवशी बागेकडं फिरकले नाहीत.

म्हणून सांगतो, "वाइनरी काढा" म्हणणाऱ्याला आधी तीन गोष्टी विचारा.

एक, शेतकऱ्याच्या स्वतःच्या बागेतल्या बाटलीला कायद्यानं वेगळी खूण देणार का? 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे, चांगलंच आहे. पण ते भागाचं नाव राखतं, पिकवणाऱ्याचं नाही.

दोन, माल जितके महिने तळघरात, तितके महिने हप्ता थांबवणार का?

तीन, प्रेस आणि थंड तळघर सामायिक करणार का? शॅम्पेनमध्ये शंभरावर सहकारी संस्था आहेत. कित्येक कुटुंबं तिथं माल देतात आणि तयार बाटल्या परत घेऊन आपल्या नावानं विकतात. सहकार आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का? साखरेला जमला, तर द्राक्षाला का नको?

तिन्हींना 'हो' आलं, तर मीच पहिला वेल लावतो. तोवर पाहुण्यांनी शॅम्पेनची उदाहरणं देऊ नयेत. टाळ्यांनी हप्ता फिटत नाही.