काळ्यावर काळे

चंद्रपुरात राहून काळ्या रंगाला नावे ठेवणे म्हणजे कोळशाच्या वखारीत बसून पांढरे धोतर झटकत राहण्यासारखे आहे. जमिनीखाली कोळसा, वर वीज केंद्राची राख आणि मध्ये आम्ही. तेव्हा डांबराशी माझे वैर असण्याचे काही कारण नाही. माझे वैर आहे ते नुसता काळेपणा विकत घेणाऱ्या माणसांशी. अधिक नेमके सांगायचे तर आमच्या ले-आऊटच्या गल्लीतल्या पाच घरांशी, आणि त्यातही बैठकीत सर्वांत मोठ्या आवाजात "करून टाका!" म्हणणाऱ्या गृहस्थाशी. तो गृहस्थ मीच.

आमची गल्ली शंभरेक फुटांची. कोणाच्याच वहीत ती नाही, म्हणून ती आमची. वडिलांनी १९७४ साली घर बांधले तेव्हा दाराला चार पायऱ्या होत्या. आता दोनच दिसतात. पायऱ्या झिजल्या म्हणावे तर तेवढी माणसे आमच्याकडे कधीच आली नाहीत. पायऱ्या जागच्या जागी आहेत, गल्ली वर आली. आधी चार वेळा मुरूम पडला, मग दोनदा डांबर. दर वेळी जुने तसेच ठेवून त्याच्यावर नवे. ज्याच्या दारापुढे खड्डा, त्याने मुरमाची ट्रॉली मागवायची आणि आपले पाणी शेजाऱ्याकडे लोटायचे, असे हे सभ्य माणसांचे युद्ध पन्नास वर्षे चालू आहे. या हिशेबाने आमचे घर काही न करता तळघर होण्याच्या मार्गावर आहे.

तर मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा डांबर टाकायचे ठरले. पहिला ठेकेदार आला तो साठीचा, पायी. त्याने गल्लीच्या तोंडाशी उकिडवे बसून एक डोळा मिटून पाहिले, लोटाभर पाणी मागितले, ते जमिनीवर ओतले आणि पाणी जाईल तिकडे चालत गेला. आम्हाला वाटले, हा पाणाड्या आहे की काय. परत येऊन म्हणाला, "गुरुजी, आधी जुनं खरवडा लागंल. खाल्चा मुरूम दाबा लागंल. नालीकडं उतार काढा लागंल. मंगच डांबर." किती दिवस? "चार-पाच तरी लागते जी." आकडा ऐकून पाचही घरांना एकदम खोकला झाला.

दुसरा मोटरसायकलवर आला. खाली उतरलाही नाही. "बाजूच्या रोडचं काम चालू हाये न जी. माल उरला हाये. अर्ध्यात करून देतो, आज संध्याकाळीच."

हे उरलेल्या मालाचे प्रकरण मी अमेरिकेतल्या भाच्याला फोनवर सांगितले. तो हसायलाच लागला. तिकडे प्रत्येक घराला फाटकापासून मोटारीच्या खोलीपर्यंत स्वतःचा डांबरी रस्ता असतो, त्याला ड्राइव्हवे म्हणतात. तिथेही असाच एकजण ट्रक घेऊन दाराशी येतो, "शेजारी काम करत होतो, डांबर उरलंय" म्हणतो, काळे फासून पैसे घेतो आणि पहिल्या पावसाच्या आत गाव सोडतो. तिकडच्या सरकारी ग्राहक खात्यांना लोकांना सावध करावे लागते म्हणे. म्हणजे डांबर पृथ्वीवर सर्वत्र उरते, आणि ते नेमके भोळ्या माणसाच्या दारापाशी येऊन उरते. पण भाच्याचा फोन दुसऱ्या दिवशी झाला. डांबर आदल्या संध्याकाळीच पडले होते.

दोन तासांत काम झाले. एका बाईने खराटा फिरवला, तोही गल्लीच्या मधोमध. कडेची धूळ तशीच राहिली. वास्तविक धूळ झाडून, खड्डे भरून, मग पातळ इमल्शन शिंपडायचे असते. ते आधी तपकिरी दिसते, पाणी सुटले की काळे पडते, आणि त्यावर गरम माल टाकला म्हणजे नवे जुन्याला धरते. धुळीवर टाकलेला थर म्हणजे तेल न लावता तव्यावर टाकलेले धिरडे, उलटे. तिथे ते सुटत नाही, इथे ते धरत नाही. माल दीडशे अंशांच्या आसपास तापलेला, वाफाळता यावा लागतो. आमचा माल पाहुण्यासाठी दोनदा गरम केलेल्या चहासारखा आला. रोलर तीनदा पुढे-मागे झाला आणि गेला. पण संध्याकाळच्या उजेडात गल्ली अशी काही दिसली म्हणता! आमच्या हिने फाटकाशी रांगोळी काढली. मी स्वतः दोन फेऱ्या मारल्या, नव्या चपला घालून.

त्या चपला मे महिन्यात तिथेच राहिल्या. रस्त्याला नेहमी वापरतात ते डांबर ४७ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, असे प्रमाण आहे. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा कधीकधी तिथवर जातो, उन्हातल्या काळ्या रस्त्याचे तर विचारूच नका. स्कूटरचा स्टँड रुतला, आणि एका म्हशीने आपल्या खुरांचा असा शिलालेख कोरून ठेवला की पुढच्या संशोधकांनी तो गोंड राजांच्या काळात ढकलावा. मऊ होणे हा डांबराचा धर्म आहे. भार वाहायचा असतो गिट्टीने, एकमेकींत घट्ट अडकून. डांबर फक्त त्यांना धरून ठेवते. ज्याच्या नावाने आपण मेकॅडम म्हणतो त्या जॉन मॅकअ‍ॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाने (तो १८३६ साली वारला) आपल्या रस्त्यांना डांबराचा थेंब लावला नव्हता. फोडलेली गिट्टी, मधे थोडा उंचवटा आणि पाण्याला वाट, एवढ्यावर त्याचे रस्ते टिकले. डांबर मिसळण्याचे पेटंट निघाले १९०२ साली, आणि नाव मात्र त्यालाच चिकटले.

एवढे लांब तरी कशाला? माझी आई अंगण सारवायची तेव्हा आधी जुने पोपडे खरवडायची, खळगे मातीने भरून चोपायची, पाणी शिंपडायची आणि मग शेणाचा हात फिरवायची. उतार तुळशीपासून मोरीकडे. तिला कोणी इंजिनियर म्हटले नाही. अहेरीकडे नोकरीत असताना माझ्या एका विद्यार्थ्याच्या बापाने घर बांधायच्या आधी एक अख्खा पावसाळा ती जागा नुसती पाहिली होती. पर्लकोटा चढली की भामरागडची वाट बंद होते, हे पाहत वाढलेला माणूस तो. पाणी कुठून जाते हे कळल्यावर त्याने खांब रोवले. आणि मी, त्याच्या पोराला भूगोल शिकवणारा, लोटाभर पाण्याला हसलो!

जुलैत एका रात्री धो धो आला. गल्लीच्या टोकाला एक आजी एकट्या राहतात. त्यांचे घर सर्वांत जुने, म्हणून सर्वांत खाली. भिंतीकडेने पूर्वी एक मुरमाची चर होती, तिच्यातून पाणी नालीला जायचे. गल्ली रुंद दिसावी म्हणून ती आमच्या ठेकेदाराने बुजवली होती. आमच्या देखत. मी तर "वा!" म्हटले होते. रात्री दोन वाजता आजींच्या घरात गुडघाभर पाणी होते. आम्ही त्यांची ट्रंक उचलली, देव उचलले, पण वर्षभराचा तांदूळ जमिनीवर पोत्यांत होता, तो भिजला. इरईला पूर आला, २०१३ साली आला, २०२२ साली आला, तेव्हा देवाकडे बोट दाखवता आले. हा पूर आम्ही वर्गणी काढून, ठेका देऊन आणला होता.

आजी मला एक शब्द बोलल्या नाहीत. तीन दिवस माझ्याच ओसरीवर तांदूळ पसरून हात फिरवत बसल्या. शाळा तपासणीला आलेल्या साहेबाने मला इतके कधी छळले नव्हते.

लोक ठेकेदाराला शिव्या देतात. मी देणार नाही. त्याने काळे देतो म्हटले, काळे दिले. आम्ही विचारले काय? किती पैसे, आणि कधी. पाणी कुठे जाणार, हे पाच घरांतल्या दोन पेन्शनर, एक वकील, एक कापडवाले आणि एक बँकेतले अशा शहाण्या माणसांपैकी कोणी विचारले? वकीलसाहेब अजूनही म्हणतात, "एवढ्याशा गल्लीला काय उतार न् काय!" त्यांचे घर उंचावर आहे.

दिवाळीनंतर पहिल्याच ठेकेदाराच्या घरी गेलो. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. खरवडायला लागला तेव्हा डांबराचे पापुद्रे निघाले. प्रत्येक थर एकेका निवडणुकीच्या आधीचा, असे कापडवाल्यांनी ओळखले. मुरूम उपसता उपसता एके दुपारी ही ओरडली, "अहो, तिसरी पायरी!" वडिलांनी कडेला कोरलेली वेल तशीच होती. खर्च पहिल्या आकड्याच्या दीडपट झाला, आणि या वेळी खोकायची सोय नव्हती.

काम झाल्यावर त्याने बादलीभर पाणी मागितले. आजी दारात खुर्ची टाकून बसल्या. पाणी निघाले, त्यांच्या दाराला वळसा घालून नीट नालीकडे गेले, फक्त ताटलीएवढे माझ्या फाटकासमोर थांबले. ठेकेदार ओशाळला, "तेवढं काढून देतो गुरुजी."

"राहू दे रे," आजी म्हणाल्या, "तेवढं त्यायच्या वाट्याचं हाये."